सुरुंग मोजणाऱ्या बाईसाठी हरताळ

सुरुंग पेटवणं सोपं असतं, अवघड काम मोजण्याचं. हे मी आजवर किती लोकांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही, आणि त्यातले बहुतेक हसले. मोजायला काय लागतं म्हणतात, धडाम झालं की एक! आता अशांशी वाद घालायचं माझं वय राहिलेलं नाही, आणि स्वभाव तर आधीपासूनचाच तिरसट. पण दिवाळीच्या अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा म्हटलं हेच लिहू. याच मोजण्यापायी आमच्या खदानीवर सगळ्या मजुरांनी हातोडे खाली ठेवले होते. त्यांना काय हवं होतं ते सरकारला कळलं नाही, कंपनीला कळलं नाही. मला कळलं होतं की नाही, याचा माझा अजून गोंधळ आहे.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस. मंगरूळपीरहून इंझोरीच्या अंगाला एक बोडकी टेकडी होती, आतून सगळा काळा दगड. सडकेला लागणारी गिट्टी त्या टेकडीतून निघायची. ठेका परगावच्या एका कंपनीकडे होता. तिचं नाव लिहीत नाही, ती केव्हाच बुडाली. दगड फोडणारी सगळी वडार मंडळी, बायका आणि पुरुष दोन्ही, टेकडीच्या पायथ्याशी पालं टाकून राहायची. सुरुंग लावायचे करीमचाचा, मंगरूळचेच, त्यांच्या घरात आजोबांपासून हा धंदा. आणि मी मुनशी. केनवडचा मुलगा, मराठी सातवी झालेला, अक्षर वळणदार, म्हणून त्या दगडांत जाऊन पडलो. सकाळी हजेरी घ्यायची, संध्याकाळी गिट्टीची मापं घ्यायची आणि सूर्य डोक्यावर आला की सुरुंग मोजायचे.

हे मोजणं कसं असतं ते सांगतो. सकाळभर माणसं पहारीनं दगडात खोल भोकं पाडायची. चाचा त्यांत दारू भरायचे, वरून माती ठासायचे, वात सोडायचे. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "आज छे!" म्हणजे सहा सुरुंग. सगळी मंडळी बांधाच्या आड. चाचा वाती पेटवून धावत यायचे, आणि मी पाटी घेऊन बसायचो. एक आवाज, एक रेघ. सहा रेघा झाल्या की बाभळीला टांगलेला रुळाचा तुकडा दोनदा वाजवायचा, की माणसं आत जायला मोकळी. पाचच झाल्या तर रूळ वाजवायचा नाही. एक सुरुंग आत बसलाय, जिवंत आहे, असं धरायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी आत पाय ठेवायचा नाही. काम अर्धा दिवस बुडतं ते बुडतं.

आता यात घोळ काय तो ऐका. दोन वाती बरोबर संपल्या तर दोन सुरुंग एकदम उडतात आणि कानाला एकच आवाज येतो. उलट, समोर दुसरी टेकडी होती, ती आवाज परत फेकायची, तेव्हा एकाचे दोन ऐकू यायचे. म्हणजे कानावर विश्वास ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी फसायचं. पहिल्या महिन्यात मी रोज घामाघूम व्हायचो.

मला हे शिकवलं यल्लूबाईनं. पालावरची सगळ्यात जुनी बाई, केस पांढरे, हात दगडासारखेच खरबरीत. सुरुंगाच्या वेळी ती बांधाआड माझ्या शेजारी येऊन बसायची, डावा तळवा खडकावर टेकवायची आणि ओटीत खडे घ्यायची. प्रत्येक धक्क्याला एक खडा ओटीतून खाली. कानाकडे तिचं लक्षच नसायचं.

"मुनशीजी, आवाज खोटा बोलते," ती मला म्हणाली. "टेकडी नक्कल करून राह्यली त्याची. खडक नक्कल नाई करत. हात ठेवा अन् पाहा."

मी हात ठेवून पाहिला. मला काही कळलं नाही, नुसता चटका बसला. पण त्यानंतर माझी रीत ठरून गेली. पाटीवर रेघा मारायच्या, मग तिच्याकडे बघायचं. तिनं मान हलवली की रूळ वाजवायचा. चार वर्षं असं चाललं आणि एकालाही खरचटलं नाही. खदानीवरचा माझा दरारा मोठा होता, मुनशीचा आकडा म्हणजे पक्का असं म्हणायचे लोक. तो आकडा कोणाचा होता हे मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. मनातून मला ते खुपायचं, खोटं कशाला बोलू.

मग नवा मॅनेजर आला. तरुण, बुटांना पॉलिश, शिस्तीचा माणूस. माणूस वाईट नव्हता, पण सगळ्या गोष्टी कागदावर बसल्या पाहिजेत असं त्याला वाटायचं. पहिल्याच आठवड्यात त्यानं पाहिलं की मुनशी एका वडारणीच्या मानेकडे बघून रूळ वाजवतो.

"मुनशी तुम्ही आहात का ही बाई?" त्यानं सगळ्यांसमोर विचारलं.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. सुरुंगाच्या वेळी बाया-माणसं सगळी नाल्यापलीकडे जातील. बांधाआड फक्त मुनशी आणि चाचा. सुरक्षिततेसाठी, असं हुकुमात लिहिलं होतं, आणि तो हुकूम माझ्याच अक्षरात होता. लिहिताना मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

यल्लूबाई नाल्यापलीकडे जाऊन बसायला लागली. तिथूनही ती तळवा खडकावर टेकवायची, खडे टाकायची आणि शेवटी हात उंच करून बोटं दाखवायची. मी पाहिलं तर पाहिलं. आठ-दहा दिवस आमचे आकडे जुळत होते आणि मला वाटायला लागलं, आपल्याला जमलं.

तो दिवस उन्हाळ्याचा. चाचा ओरडले, "आज छे!" पाच आवाज मी नीट ऐकले, पाच रेघा मारल्या. सहावा म्हणून जे काही ऐकू आलं ते सुरुंगाचं होतं की समोरच्या टेकडीचं, देव जाणे. मी सहावी रेघ मारली. मान वळवली तर नाल्यापलीकडे यल्लूबाई उभी होती, बसलेली नाही, उभी. हात पूर्ण वर आणि पाची बोटं ताठ. मला ती स्वच्छ दिसली. मी रूळ दोनदा वाजवला.

सगळ्यांत पुढे मल्लू गेला, यल्लूबाईचा मुलगा. पंचविशीचा असेल, लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. सुटलेला दगड सारायला त्यानं पहार घातली ती नेमकी बसलेल्या सुरुंगावर. जीव वाचला. दोन्ही डोळे गेले. त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेताना यल्लूबाई गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि गाडी माझ्या पुढून गेली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

चाचा दिवसभर एकच म्हणत राहिले, "मैंने छे बत्तियां लगाई, बेटा. वाजल्या किती, ते तू जाने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरीचं पुस्तक उघडलं तर समोर कोणी नाही. सगळे पालांपुढे बसलेले, हातोडे एका ढिगात ठेवलेले. मॅनेजर स्वतः गेला, मागून मी.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"आमची बाई जवळ बसली पाह्यजे मोजाले," चार-पाच आवाज एकदम आले.

"आणि?"

"अन् काही नाई."

मॅनेजर माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ होता तो खरा होता, मी त्याला नावं ठेवत नाही. एवढी माणसं काम टाकून बसतात आणि एक बाई खडकावर बसवा म्हणतात, हे त्याच्या डोक्यात शिरेना. त्यानं ठरवलं की खरी मागणी वेगळी आहे, लाजून बोलत नाहीत. त्यानं दुपारी मजुरी वाढवल्याचं सांगितलं. लोक म्हणाले, बरं, द्या, अन् बाई? संध्याकाळी त्यानं कामाची वेळ कमी केली. लोक म्हणाले, चांगलं केलं साहेब, अन् बाई? तिसऱ्या दिवशी तो चिडला. कोणीतरी शहरातला पुढारी यांना फितवून राहिलाय अशी त्याला खात्रीच झाली, आणि तो पुढारी शोधायला त्यानं मला पालांवर पाठवलं.

वडारांची रीत अशी की पंचायतीत ठरलेली गोष्ट एकट्यानं बोलायची नाही. बोलतील तर सगळे, नाहीतर कोणीच नाही. मी विचारलं, पुढारी कोण? एकानं दुसऱ्याकडे बोट केलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, असं फिरत फिरत ते एका शेंबड्या पोरावर येऊन थांबलं, आणि बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसलो असतो, पण आतल्या पालात दवाखान्यातून परत आणलेला मल्लू डोळ्यांना फडकं बांधून पडला होता.

मॅनेजरनं तहसिलीत अर्ज दिला. आधी दोन शिपाई आले, गडबड होऊ नये म्हणून. गडबड काहीच नव्हती. पहिला दिवस त्यांनी झाडाखाली झोपून काढला. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक इतका कंटाळला की त्यानं एका म्हातारीजवळून हातोडा मागून घेतला आणि गिट्टी फोडायला शिकत बसला. अख्ख्या हरताळात खदानीवर जेवढं काम झालं ते त्या सरकारी शिपायानं केलं.

मग तहसीलदारसाहेब स्वतः आले. वयस्कर माणूस, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला, बोलणं सौम्य. त्यांच्याबरोबर एक छापील तक्ता होता. मागणी कोणत्या प्रकारची, त्याचे रकाने. मजुरी. कामाची वेळ. पाणी. निवारा. दवापाणी. लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण तिथं लिहिता येणारा मीच.

"पाच जणांना बोलवा," साहेब म्हणाले. "त्यांच्याशी बोलतो."

आलं सगळं पाल. कडेवरची पोरं, कोंबड्या, दोन गाढवंही मागून आली. साहेब म्हणाले, मी पाच म्हणालो होतो. त्यावर एक जण म्हणाला, "साहेब, पाच आले तं पाचाइचंच नाव लिवलं जाते. उद्या काढाचं झालं तं थेच पाच. सारे आले तं कोनाले काढान?"

साहेबांनी तो मुद्दा मान्य केला आणि सगळ्यांना सावलीत बसायला सांगितलं. मग यल्लूबाई उठली. तिला बोलायची परवानगी पंचायतीनं दिली होती, हे नंतर कळलं.

"बाई, तुम्हाला मोजणीची नोकरी हवी आहे का?"

"नोकरी नको, साहेब. फुकट मोजतो."

साहेबांनी चष्मा काढला. "फुकट?"

"हो. मले रोज गिट्टीचं काम हायेच. दुपारी घडीभर बसीन, मोजीन, जाईन."

"थांबा. म्हणजे तुम्ही काम बंद ठेवलंय ते जास्तीचं काम फुकट करू द्यावं म्हणून?"

"तसं म्हना."

साहेबांनी चष्मा परत चढवला आणि तक्त्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. हे कोणत्याच रकान्यात बसेना. बरं, एवढंच असतं तर निभावलं असतं, पण त्यांच्या लक्षात भलतंच आलं. बिनमजुरीचं काम घेणं म्हणजे वेठ, आणि वेठीला सरकार मंजुरी देणार कसं? त्यांनी मॅनेजरला विचारलं, मजुरी देऊन ठेवता का? मॅनेजर म्हणाला, ठेवू, पण मग ती कंपनीची माणूस, आमच्या हुकमात राहील. त्यावर पाल उठून उभं राहिलं. कंपनीची झाली तर आमची कशी राहील? आमची पाहिजे म्हणून तर बसलो आहोत. फुकट ठेवावी तर कायदा आडवा, पैसे देऊन ठेवावी तर मागणीच संपते. करीमचाचांनी सगळ्यांना पाणी दिलं.

मॅनेजरनं मग शेवटचा तोडगा काढला. मोजणी सुधारण्यासाठी कंपनी मुनशीला खुर्ची देईल, छत्री देईल आणि रुळाच्या तुकड्याऐवजी पितळेची घंटा लावेल. खुर्ची खरोखर आणवलीच होती. मला तिच्यात बसवून दाखवलं. पाय जमिनीला लागत नव्हते. यल्लूबाई माझ्या लोंबकळत्या पायांकडे बघत राहिली आणि मला मरणाची लाज वाटली.

"पण मुळात चूक झाली का?" मॅनेजर साहेबांना म्हणाला. "मुनशीच्या पाटीवर सहा रेघा आहेत. सहा लावले, सहा उडाले. त्या मुलानं जुन्याच एखाद्या भोकात पहार घातली असेल. चूकच नाही, तर ही मागणी कशाची?"

सगळं येऊन तिथं थांबलं. पाच झाले असतील तर बाईची मागणी खरी, सहा झाले असतील तर मागणीच खोटी आणि दोष मल्लूचा. साहेबांनी आधी यल्लूबाईला विचारलं.

"पाच झाले," ती म्हणाली. "मी हात केल्ता. पन मुनशीची पाठ होती माह्याकडं. पाठीले डोये असतेत का? त्याले दिसलंच नाई. म्हनून म्हंतो, जवळ बसवा. लांबून हात करून काय उपेग?"

हे बोलताना ती साहेबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी चरकलो. मी मान वळवून तिच्याकडेच पाहिलं होतं. मग वाटलं, म्हातारीची नजर, लांबचं अंतर, तिला तसंच दिसलं असेल. आता मी काय करायचं? दिसलं होतं असं म्हणालो तर माझी नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. तेवढंच असतं तर भित्रा म्हणून मी स्वतःला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण त्याबरोबर तिची मागणीही जाणार होती. लांबूनही हात दिसतो हे ठरलं, की मॅनेजर म्हणणार, व्यवस्था ठीकच आहे, मुनशी नालायक आहे, मुनशी बदला. नवा मुनशी येणार, तोही एकटाच मोजणार. खरं बोललं तर त्यांचं नुकसान, गप्प बसलं तर माझा फायदा. दोन्ही एकाच बाजूला कसे आले हे मला तिथं उलगडेना, आणि नंतरही कित्येक वर्षं उलगडलं नाही.

"मुनशी," साहेब म्हणाले, "त्या दिवशी आवाज किती झाले?"

मॅनेजर माझ्या मागेच उभा होता. समोर सगळं पाल. मल्लूला त्याच्या बायकोनं हात धरून आणून बसवलं होतं, त्याचं तोंड भलत्याच दिशेला होतं.

"साहेब, मला सांगता येत नाही."

"म्हणजे? पाटीवर सहा आहेत."

"रेघा मीच मारल्या. पण सहावी सुरुंगाची की टेकडीच्या घुमण्याची, ते मला तेव्हाही नक्की नव्हतं, आताही नाही."

मॅनेजर मागून माझं नाव घेऊन काहीतरी बोलला. यल्लूबाई मात्र लगेच पुढे आली.

"हेच लिवा, साहेब. मोजनाऱ्यालेच माहीत नाई किती झाले. आमी आत कोनाच्या भरवशावर जावं?"

साहेबांनी माझ्यापुढचा तक्ता बाजूला सारला. म्हणाले, "दोघांनी मोजा. शेजारी बसून."

"आणि दोघांचं जुळलं नाही तर?" मॅनेजरनं विचारलं.

"जो आकडा कमी, तो खरा धरायचा."

त्या सगळ्या प्रकरणात सरकार एवढं एकच वाक्य असं बोललं की जे लहान पोरालाही समजावं. ते वेठीचं प्रकरणही साहेबांनीच मिटवलं. तक्त्यात पाण्याचा रकाना होता. यल्लूबाईला दुपारी बांधावर पाणी पाजणारी म्हणून दाखल करा, पाण्याची मजुरी कंपनीनं द्यायची पण हुकूम तिला पालानं द्यायचा, बाकी ती काय करते ते सरकार बघणार नाही. त्यामुळे आजही ते कागद कुठे पडले असतील तर त्यांत असं आढळेल की खदानीवरचा हरताळ पिण्याच्या पाण्यासाठी होता आणि पाण्याची सोय झाल्यावर तो मिटला. ते वाक्य लिहिणारा मीच.

मॅनेजरनं मला काढलं नाही. साहेबांपुढे घडलेलं सगळं, काढलं तर पुन्हा बोभाटा. दुसऱ्या दिवसापासून यल्लूबाई माझ्या शेजारी बसायला लागली. खुर्ची मी चाचांना दिली, त्यांचे गुडघे दुखायचे. ती खडे टाकायची, मी रेघा मारायचो, मग एकमेकांकडे बघायचं. तीन वर्षांत दोनदा आकडे जुळले नाहीत. एकदा तिचा कमी आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांना खरोखरच एक जिवंत सुरुंग सापडला. चौघं तरी वाचले त्या दिवशी. दुसऱ्यांदा माझा कमी आला, सगळ्यांचा अर्धा दिवस वाया गेला आणि आत काहीच निघालं नाही. मॅनेजरनं आरडाओरडा केला. यल्लूबाई त्याला म्हणाली, "मुनशीजीनं बरोबर केलं." मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. पालावरची माणसं मला खरं बोलणारा मुनशी म्हणत आणि मी ते ऐकून घेत असे.

सडक पुरी झाली, ठेका संपला, पालं उठली. मी पुढे दुसऱ्या नोकऱ्या केल्या, त्यांचं सांगण्यासारखं काही नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा उरुसाच्या दिवसांत मंगरूळपीरला गेलो होतो. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकानं मांडलेली, त्यांत एका कडेला पाटे-वरवंटे घेऊन एक माणूस बसला होता. पाट्यावरून बोटं फिरवायचा, गुळगुळीत जागा चाचपायचा, तिथं छिन्नी टेकवून टाके घालायचा. मी नुसतं "हा पाटा कसा दिला" एवढं विचारलं.

"मुनशीजी ना?" मल्लू म्हणाला.

मी खाली बसलो. त्यानं घरचं सांगितलं, दोन मुलं झाल्याचं, यल्लूबाई गेल्याचं. आवाजात कुठे कडवटपणा नव्हता, आणि त्यानंच मला जास्त झालं. म्हटलं, आज नाही सांगितलं तर कधीच नाही.

"मल्लू, त्या दिवसाचं एक सांगायचं राहून गेलं आहे."

"कोनतं? हाताचं?"

मी मान हलवली, आणि मग लक्षात आलं की ती त्याला दिसणार नाही.

"मायले माहीत होतं," तो टाके घालत घालतच म्हणाला. "तुमची अन् तिची नजर भेटली म्हने. मंग तुमी वाजवलं."

"मग साहेबांपुढं माझी पाठ होती असं का सांगितलं तिनं?"

"तुमाले दिसलं असं सांगतलं असतं तं तुमाले काढलं असतं. दुसरा मुनशी आनला असता. मोजनारा मंग बी एकटाच. माय म्हने, मुनशीवर राग काढू का बाकीच्याइचे डोये वाचवू? दोन्ही तं होत नाई."

त्यानं पाटा फिरवून घेतला. मग तो म्हणाला, "तीन सालं तुमच्या बाजूले बसे. दुपारून पालावर आली का घडीभर कोनाशी बोले नाई."

आणि मी तीन वर्षं समजत होतो की आमचं दोघांचं बरं जमलं आहे.

मल्लूनं छिन्नी खाली ठेवली. "मुनशीजी, एक इचारू? मायनं तुमाले कधी इचारलं नाई, मी इचारतो. हात दिसला होता, तं कायले वाजवलं?"

इतकी वर्षं मी स्वतःला काय काय सांगत आलो होतो. टेकडी घुमते, ऊन डोक्यात गेलं होतं, मॅनेजरची धास्ती होती, पाच का सहा याचा गोंधळ होता. मल्लूच्या समोर बसल्यावर यांतलं एकही तोंडाशी आलं नाही. जे होतं ते इतकं बारीक होतं की सांगायची शरम वाटली, तरी सांगितलं.

"मला वाटलं, रोज तिलाच काय विचारायचं. एक दिवस आपल्या मनानं वाजवून बघू."

त्यानं ते ऐकून घेतलं. पाट्याची कड बोटांनी चाचपली, छिन्नी पुन्हा हातात घेतली.

"बरं झालं, सांगतलं," तो म्हणाला. "आता जा तुमी."

मी उठलो आणि गेलो.